म्हापशातल्या दुकानात किडे विकावेत का?

म्हापशात शोभेचे मासे, पक्ष्यांचे पिंजरे आणि कुत्र्या-मांजरांचं खाणं विकणारं एक छोटं दुकान आहे. मालक मूळचे पेडण्याचे, पन्नाशी ओलांडलेले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्याकडे एक नवीच विचारणा सुरू झाली. आईबाप मुलांना घेऊन यायचे, मुलं टाकीतल्या माशांकडे ढुंकूनही बघायची नाहीत आणि थेट विचारायची, "काका, शिंगवाला भुंगा आहे?" कुणाला काचेतलं मुंग्यांचं घर हवं असायचं, कुणाला सुरवंटाचं फुलपाखरू होताना दाखवणारा डबा. त्याच सुमारास एका मोठ्या शहरातल्या पुरवठादाराचा फोन आला. परदेशी भुंग्यांच्या अळ्या प्लॅस्टिकच्या पेल्यात मातीसकट पाठवतो, तुम्ही फक्त फळीवर मांडा, असं त्याचं म्हणणं. हिशेब माशांपेक्षा बरा दिसत होता. रात्री वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो आणि सकाळी अख्खी टाकी फेकावी लागते. अळीच्या पेल्याला वीज लागत नाही.

माल भरण्याआधी हे गृहस्थ थांबले, याचं मला कौतुक वाटतं. उत्तर गोव्यातल्या काही प्राथमिक शाळांच्या परसबागांचं काम मी करते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बोलावून सरळ विचारलं, "मॅडम, हे विकू की नको?" त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना काय काय झालं, त्याची ही नोंद आहे.

मागणी नेमकी कशाची होती

सुरुवातीला मी दुकानात नुसती उभी राहून गिऱ्हाइकांशी बोलत होते. बहुतेक पालक म्हापसा, पर्वरी, करासवाडा भागातल्या फ्लॅटांत राहणारे. काहींच्या सोसायटीत कुत्रा पाळू देत नाहीत, काहींच्या घरी दोघंही नोकरीला. मोबाइलमधून मुलाचं डोकं वर निघावं, ही सगळ्यांची इच्छा. जपानी कार्टूनमधले भुंगे मुलांनी पाहिलेले होते. पालकांच्या डोक्यात 'शैक्षणिक' हा शब्द पक्का बसलेला होता, कारण जाहिरातींत तोच मोठ्या अक्षरांत असतो.

मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होते: किडा घरी आला की मूल रोज काय करणार? पालक अडखळायचे. मुलं अडखळत नव्हती. "मी त्याला खायला देणार." "तो शी करतो ते बघणार." "तो मोठा कधी होतो ते बघणार." दुसरीतल्या एका मुलानं तर "तो माझ्याशी भांडेल का" असंही विचारलं. म्हणजे मुलांना हवं होतं ते असं: रोज काहीतरी द्यायला मिळावं आणि रोज काहीतरी बदललेलं दिसावं. ही मागणी अगदी खरी आहे, आणि तिच्यात शिक्षणाचा गाभा आहे. आता परदेशी भुंग्याची अळी घ्या. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हर्क्युलिस भुंगा अळीच्या रूपात दीड-दोन वर्षं मातीत पडून असतो. त्या काळात मुलाला दिसतो तो मातीचा पेला. अळी उकरून बघावी तर तिला त्रास होतो, न बघावी तर महिन्याभरात मूल पेला विसरतं. शिवाय या जातींना थंडावा लागतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बंद फ्लॅटमध्ये त्या तगणं कठीण. मुलानं मागितलं त्यातलं काहीच या पेल्यात नव्हतं.

एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी लहानपणी काडेपेटीत सोनपाखरू ठेवल्याची आठवण सांगितली, रोज कोवळं पान घालायचं, संध्याकाळी पेटी उघडून चमक बघायची आणि दोन-चार दिवसांनी कुंपणावर सोडून द्यायचं. मृगाचे लाल मखमली किडे त्या तळहातावर घेत. (त्यांना आठ पाय असतात, म्हणजे ते कोळ्यांच्या गणगोतातले, कीटक नव्हेत. नातीनं ते तिथल्या तिथं मोबाइलवरच्या फोटोत मोजून पाहिलं आणि आजीला सांगितलं.) आपल्या मुलांना किडे पाळायची हौस बाहेरून आली असं कुणी म्हणू नये. हौस जुनी आहे. नवीन आहे ती किंमत मोजायची तयारी.

दुसरीकडे काय झालं

जपानमध्ये शिंगवाले आणि सांडशीसारख्या जबड्यांचे भुंगे दुकानांत सर्रास विकले जातात, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं ते पाळतात. तिथं १९९९ साली परदेशी भुंग्यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल केले गेले आणि लाखोंच्या संख्येनं भुंगे येऊ लागले. काही वर्षांतच तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की आग्नेय आशियातल्या भुंग्यांचा जपानी भुंग्यांशी संकर होऊ शकतो आणि ती संकरित पिल्लं पुढंही वाढू शकतात. परदेशी भुंग्यांच्या अंगावरून परोपजीवी माइट्सही (कोळ्यांच्या गणगोतातले अगदी बारीक जीव) आल्या. डब्यातून सुटलेला, किंवा कंटाळून सोडलेला एक किडा जंगलात काय करेल, हे विकणाऱ्याच्या हातात उरत नाही.

अमेरिकेत काचेतलं मुंग्यांचं घर हे खेळणं १९५६ साली बाजारात आलं आणि तिथल्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. पण त्यासोबत राणी मिळत नसे, कारण राणी मुंग्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवण्यावर निर्बंध आहेत. राणी नसलेल्या कामकरी मुंग्या काही महिन्यांत मरून जातात. म्हणजे ज्याला वसाहत म्हणून दाखवलं जातं तिला भविष्यच नसतं, आणि मुलाला ते कुणी सांगत नाही.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते काडीकिड्याचं. युरोपातल्या असंख्य शाळांत जो काडीकिडा पाळला जातो तो मूळ तमिळनाडूतल्या पळणी डोंगरातला, शेंबगनूरचा. १९०१ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. त्याची मादी नराशिवाय अंडी घालते, त्यामुळे एका किड्याचे शंभर व्हायला वेळ लागत नाही. वर्गात मावेनासे झाले की लोक बाहेर टाकतात. आज हा दक्षिण भारतीय किडा कॅलिफोर्नियात आणि दक्षिण आफ्रिकेत बागांमध्ये मोकळा वाढतो आहे. आपलं लिंबावरचं फुलपाखरूही असंच २००४ साली कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आढळलं आणि आता तिथल्या लिंबू-संत्र्यांना उपद्रव देतं. उलटी वाटही आपण पाहिली आहे: आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये कोलकात्याच्या चौरंगीत एका हौशी अभ्यासकानं बागेत सोडली, आणि आज देशभरातले शेतकरी तिच्यावर मीठ टाकत फिरतात.

कायद्याची बाजू मी मालकांना थोडक्यात सांगितली. जिवंत कीटक देशात आणायचे तर १९१४ च्या विध्वंसक कीटक आणि कीड कायद्याखालच्या २००३ च्या आदेशानुसार केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागाराचा परवाना लागतो. पुरवठादाराला "परवान्याची प्रत पाठवा" एवढंच विचारायला मी सांगितलं. प्रत काही आली नाही, "सगळेच विकतात" असा निरोप मात्र आला. देशी किडेही धरून विकता येतात असं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्यांमध्ये कितीतरी फुलपाखरं आणि काही भुंगे आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनं त्या याद्या नव्यानं मांडल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू आहेत. २००८ मध्ये दार्जिलिंगच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात किडे गोळा करताना दोन चेक नागरिक पकडले गेले आणि दोषी ठरले. २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे पाच हजार राणी मुंग्या सापडल्या, कापूस घातलेल्या नळ्यांत भरलेल्या, हौशी लोकांच्या बाजारासाठी. प्रत्येकाला दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा वर्षभर कैद, अशी शिक्षा झाली. आणि प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा आपला १९६० चा कायदा 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव असं म्हणतो. त्यात मुंगीही आली.

हे ऐकून मालकांनी पेल्यांचा विचार सोडला. पण त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मग त्या पोरांना काय सांगू? नाही म्हणून परत पाठवू?"

माडावरचा भुंगा

शिंगवाल्या भुंग्याच्या मागं लागलेल्या एका मुलाचं आजोळ डिचोली तालुक्यात. आजोबांचं माडांचं भाट, म्हणजे बागायत. त्याला शिंगवाला भुंगा हवाय म्हटल्यावर आजोबा आधी हसले आणि मग गंभीर झाले. "तो आमच्या शेणखड्ड्यात आहे. हो माडाचो काळ," ते म्हणाले.

गेंड्या भुंगा हे त्याचं नाव. माडाच्या शेंड्यात, कोवळ्या न उमललेल्या पात्यांत तो भोक पाडतो. पातं उघडलं की कात्रीनं कापल्यासारखे तिरके काप दिसतात. त्यानं केलेल्या जखमेतून मागाहून सोंड्या भुंगा शिरला तर माड मरतो. अळ्या वाढतात शेणखतात, कुजलेल्या माडाच्या बुंध्यात. एला-जुने गोवे इथल्या किनारी कृषी संशोधन संस्थेचे लोक असोत की कृषी खात्याचे, शेणखड्डा उकरून अळ्या वेचा आणि खतात अळ्यांना मारणारी हिरवी बुरशी मिसळा, हेच सांगतात. माडाच्या मुलखात शिंगवाले भुंगे विकत आणून पाळावेत, ही कल्पना ऐकून आजोबांना राग आला तर त्यात नवल नाही. सुटलेला किडा कुणाच्या ना कुणाच्या भाटात जाणार.

पण त्यांनी नातवाला हाकलून दिलं नाही. पावसाआधी शेणखड्डा उकरायचा असतो, त्या दिवशी त्याला बोलावलं. जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या त्यानं स्वतः वेचल्या. कोंबड्या भोवती जमल्याच होत्या. त्यातली एक अळी झाकणाला जाळी लावलेल्या डब्यात खतासकट ठेवायची परवानगी त्याला मिळाली, एका अटीवर: भुंगा बाहेर आला तर तो भाटात सुटता कामा नये. मुलानं अळीची जाडी आठवड्याला पट्टीनं मोजली, टाकलेलं खत किती दिवसांत भुगा होतं ते लिहिलं. कोश झाला, भुंगा निघाला, त्याला आखूडसं शिंगही होतं. तो डब्यातच जगला आणि डब्यातच मेला. पिकलेल्या केळ्याचे तुकडे खात होता. माडाचा शत्रू कसा जगतो ते या मुलाला माहीत आहे. त्याच्या वर्गातल्या इतर कुणाला ते माहीत असेल असं वाटत नाही.

मला या प्रसंगातून दुकानदारासाठी एक दिशा मिळाली. मुलाला किडा जिथं सापडतो ती जागा महत्त्वाची आहे. शेणखड्डा, माड, आजोबांचा राग, कोंबड्या, हे सगळं वजा केलं तर डब्यात उरतो तो शिंगाचा शोभेचा प्राणी. म्हणून मी मालकांना म्हटलं, किडा विकूच नका. किड्याचं झाड विका.

कढीपत्त्याची कुंडी

लिंबू आणि कढीपत्ता या झाडांवर आपल्याकडे लिंबावरचं फुलपाखरू येतं, तसंच काळ्या रंगाचं बहुरूपीही. कुंडी चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ठेवली तरी मादी वास घेत येते आणि कोवळ्या पानावर एकेक फिकट पिवळं अंडं घालून जाते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार होते. तिला बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि कुबट वास सोडते. मुलं यावर वेडी होतात. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, म्हणजे मुलाच्या धीराला पुरेल इतकाच काळ. फुलपाखरू उडून गेलं तरी ते इथलंच असतं, कुणाचं नुकसान होत नाही. फोंडा तालुक्यात प्रियोळला फुलपाखरांची बाग आहे, तिथंही मुळाशी हाच विचार: योग्य झाडं लावा, फुलपाखरं आपली येतील.

दुकानात ठेवायचं ठरलं ते असं: कढीपत्त्याची कुंडी, वर घालायला मच्छरदाणीच्या कापडाची चेन असलेली पिशवी, एक भिंग आणि मराठीतलं चार पानी पत्रक. एकही किडा नाही. काही ओळखीच्या घरांत आणि डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेच्या तिसरीच्या वर्गात आधी करून बघितलं.

पहिल्या काही घरांत अळ्या मेल्या. पटापट, दोन दिवसांत काळ्या पडून. कारण कुंडीत होतं. रोपं शुक्रवारच्या बाजारातल्या एका विक्रेत्याकडून आली होती. नर्सरीत रोपांना जी आंतरप्रवाही कीटकनाशकं देतात ती मुळांतून पानांपर्यंत जातात आणि बराच काळ टिकतात. वरून पान धुऊन काही उपयोग होत नाही. बाजारातल्या कढीपत्त्याच्या जुडीचंही तेच. ज्या घरात रोप शेजाऱ्याच्या परसातून आणलं होतं तिथं सगळं सुरळीत चाललं. त्यानंतर मालकांनी बियांपासून स्वतःच रोपं करायला घेतली. त्यांच्या बायकोचं माहेर हळदोण्याचं. तिथल्या परसात आता रांगा लागल्या आहेत. या धंद्यातली खरी मेहनत इथंच आहे. फवारणी न केलेलं रोप मिळवणं हाच सगळ्यात कठीण भाग, आणि ग्राहकानं पैसे द्यावेत ते त्याचेच.

दुसरी अडचण मुंग्यांची. अंडी आणि लहान अळ्या मुंग्या उचलून नेतात. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच: स्टुलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. पाणी दर दिवशी बदलायचं, नाहीतर डासांची पैदास. आणि गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; त्या दमट हवेत पिशवीत विष्ठा आणि ओली पानं साचली की अळ्या मऊ पडून मरतात. रोज सकाळी पिशवी झटकणं हे काम मुलांकडंच दिलं होतं. ज्या घरात ते आईवर आलं तिथं आठवड्याभरात बंद पडलं, हेही लिहून ठेवते.

शाळेतला कोश

तिसरीच्या वर्गात घडलं ते मात्र कुणी ठरवून आणलं नव्हतं. कोश करायच्या आधी अळी झाड सोडून भटकते. एक अळी पिशवीच्या उघड्या राहिलेल्या चेनमधून निघाली आणि व्हरांड्याच्या खांबावर जाऊन लटकली. मुलांनी तिला तिथंच राहू दिलं, रोज तिचा रंग बघत होती. खांब राखाडी होता म्हणून कोश तपकिरी झाला; पिशवीतल्या पानांमधले कोश हिरवे होते. मुलांच्या हे आधी लक्षात आलं, बाईंच्या नंतर.

आठवडा झाला, दहा दिवस झाले. फुलपाखरू काही निघेना. मग एका सकाळी कोशाला बारीक गोल भोक दिसलं आणि त्यातून मोहरीपेक्षा लहान, चकचकीत हिरवट-काळ्या गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर पडू लागल्या. पन्नासेक तरी असतील. आधीच्या काळात, अळीचा कोश नुकताच बनलेला आणि मऊ असताना, त्यांच्या आईनं त्यात अंडी घातली होती. पिल्लं आतल्या आत कोश खाऊन वाढली.

त्या कोशाला नाव देणारी मुलगी रडायला लागली. "बाई, ती माशी वाईट आहे."

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. "तीसुद्धा कुणाची तरी पिल्लंच ना गं? आणि ती नसती तर तुमच्या घराच्या लिंबाला एक पान उरलं असतं का?"

मुलीला ते पटलं नाही. पटायलाच हवं होतं असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वहीत दोन चित्रं काढून आणली, एक फुलपाखराचं आणि एक त्या माशीचं, दोन्ही सारख्याच आकाराची. बाईंनी त्यावर खूण केली नाही, फळ्यावर लावली. पुढच्या आठवड्यात वर्गानं ठरवलं की काही कोश पिशवीत ठेवायचे आणि काही उघड्यावर, आणि कोणत्यातून काय निघतं ते लिहायचं. आठ वर्षांच्या मुलांनी स्वतः रचलेला हा प्रयोग आहे. विकत घेतलेल्या डब्यात फुलपाखरू नक्की निघतं अशी हमी असते. ती हमीच इथं आड आली असती.

याच शाळेनं बेळगावकडच्या एका रेशीम शेतकऱ्याकडून तुतीच्या रेशीमकिड्यांच्या अळ्याही आणल्या. रेशीमकिडा हजारो वर्षं माणसानं पाळलेला, त्याच्या पतंगाला उडता येत नाही, म्हणून तो सुटून कुणाला त्रास देईल ही भीती नाही. चार वेळा कात, पाच अवस्था, साधारण पंचवीस दिवस, आणि मग जवळपास किलोमीटरभर लांबीच्या एका धाग्याचा कोश. वर्गासाठी यापेक्षा सोपा किडा नाही. पण एक अळी आयुष्यात वीस-पंचवीस ग्रॅम पानं खाते, आणि त्यातली बहुतेक शेवटच्या आठवड्यात. अळ्या मोजून आणल्या नाहीत तर तुतीच्या दोन झाडांवर भागत नाही. गावातल्या एका घरात डासांची कॉइल लावलेल्या खोलीत अळ्या ठेवल्या आणि त्या रात्रीत मेल्या. कॉइलचा धूर त्यांना अजिबात सोसत नाही. कोश झाल्यावर मुलांनी विचारलंच की रेशीम काढायला आतला किडा उकळतात का. उकळतात, असं बाईंनी सांगितलं. काही मुलांना धागा काढून बघायचा होता, काहींना पतंग निघू द्यायचा होता. शेवटी कुठलाच कोश उकळला नाही. पतंग निघाल्यावर उरलेल्या फाटक्या कोशांची राखीसाठी फुलं केली.

दुकान आज कुठं आहे

कुंड्या विकल्या जातात. पेल्यातल्या भुंग्यांइतका नफा नाही, माशांइतका तोटाही नाही. चवथीच्या आधी गिऱ्हाईक वाढतं, उन्हाळ्यात कमी होतं. मेमध्ये रोपं पालवत नाहीत आणि फुलपाखरंही विरळ असतात, म्हणून मालक त्या महिन्यांत कुंडी विकतच नाहीत, पुढच्या पावसासाठी नाव लिहून घेतात. केसाळ सुरवंटाला हात लावू नका, अंगाला खाज सुटते. रुईवरच्या अळ्या घरात आणू नका, रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. काजवे बाटलीत भरू नका: हे पत्रकात ठळक छापलं आहे. काही घरांत मुलांचा रस एका फुलपाखरावरच संपला आणि कुंडी स्वयंपाकाच्या कामी आली. त्यात मला काही वावगं दिसत नाही.

मुंग्यांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या राण्या दिव्याभोवती येतात, पंख झडून जमिनीवर चालू लागतात. एका वडिलांनी अशी एक राणी स्वतःच्या अंगणातून उचलून काचेच्या नळीत ठेवली, एका टोकाला पाणी आणि कापूस, आणि दोन महिन्यांत मुलाला पहिल्या कामकरी मुंग्या दाखवल्या. आता तसं सगळ्यांनाच हवं आहे. मालक म्हणतात नळी आणि कापूस विकायला काय हरकत आहे, राणी ज्यानं त्यानं आपल्या दारातली शोधावी. मला वाटतं नळी फळीवर आली की पाठोपाठ राण्या विकणारा येईल, कारण प्रत्येकाच्या दारात पाऊस पडला त्या रात्री राणी सापडत नाही आणि मुलाला उद्याच हवी असते. आंब्यावरचे तांबडे हुमले (लाल मुंग्या) पानं शिवून घर कसं बांधतात, ते झाडाखाली उभं राहून बघता येतं, नळी लागत नाही, असं मी म्हणते. यावर ते म्हणतात की पर्वरीच्या सहाव्या मजल्यावर आंबा कुठून आणू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. यंदाच्या पावसापर्यंत नळ्या मागवायच्या नाहीत, एवढंच सध्या ठरलं आहे. डिचोलीच्या बाई तोवर वर्गाला घेऊन शाळेमागच्या आंब्यावरची घरटी मोजणार आहेत.